शुक्रवारची भूक

यशोदाबाईंनी आमटीत मीठ घातलं आणि बरणीचं झाकण लावलं. मग झाकण काढून पुन्हा मीठ घातलं. त्यांच्या सुनेने, दिपालीने, ते पाहिलं आणि काही न बोलता पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं. बेळगावजवळच्या बेळगुंदीतल्या या घरात गेलं वर्षभर आमटी कधी खारट असायची, कधी पातळ. यशोदाबाईंचे यजमान भावकूअण्णा ताटावर बसून ओरडायचे. असं का होतंय, हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

वार शुक्रवार होता. चहा न घेताच यशोदाबाईंनी साखरेच्या आजाराची गोळी गिळली. गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी नैवेद्य होईपर्यंत पाण्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही असं गावाने बजावलं होतं. यशोदाबाई दोघांचंही ऐकत. लग्न होऊन आल्यापासून त्या सगळ्यांचंच ऐकत आल्या होत्या.

त्यांचं माहेर गोकाककडचं, घर कानडी. इथे आल्या तेव्हा पहिल्याच दिवशी सासूने सांगितलं होतं, "ह्या घरात आपली भाषा बोलायची." भटजींनी तांदळात नवं नाव लिहिलं, यशोदा. जुनं नाव आणि जुनी भाषा दोन्ही त्या दिवशी उंबऱ्याबाहेर राहिली. बत्तीस वर्षं त्यांच्या तोंडून घरात कानडी शब्द निघाला नव्हता.

निघाला तो चार वर्षांपूर्वी, अशाच एका शुक्रवारी. ओमकारच्या, म्हणजे मुलाच्या, नोकरीसाठी त्यांनी कडक उपास धरले होते. दुपारी बाराला देवघरासमोर बसल्या असताना त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, डोळे एका जागी लागले. आणि त्या लहान मुलीच्या आवाजात बोलल्या, "ननग हसिवागेती, यव्वा."

मला भूक लागलीय, आई. या भागात एवढं कानडी कुणाला कळत नाही? बाजारात, बसमध्ये, कचेरीत रोज बोलावंच लागतं. शेजारच्या अक्काताईंनी ते ऐकलं आणि ओसरीवर येऊन आरोळी ठोकली, "सौंदत्तीची आई आली गं! कानडीत बोलालीय! भूक लागलीय म्हणालीय!" झालं. आरती झाली, देवीच्या टाकाला नैवेद्य दाखवला गेला आणि मग प्रसादाचा कुंदा, म्हणजे खवा-साखरेची मिठाई, यशोदाबाईंच्या तोंडात घातला गेला. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा घाम आटला, थरथर थांबली. देवी तृप्त होऊन गेली. ज्या बाईला डॉक्टरांनी चहातली साखरसुद्धा तोडली होती, ती मूठभर कुंदा खाते आणि उलट ठणठणीत होते! याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? शब्द सगळ्यांना समजले, बाई कुणालाच समजली नाही.

तेव्हापासून मंगळवार-शुक्रवारी ओसरी भरू लागली. देवी बायकोच्या अंगात यायची आणि मान नवऱ्याला मिळायचा. ज्या भावकूला गावच्या बैठकीत चहाचा कप सगळ्यात शेवटी मिळायचा, तो आता भावकूअण्णा झाला होता आणि पहिल्या खुर्चीवर बसत होता. त्याचा चुलतभाऊ भरमू लोकांना ओळीने बसवायचा, त्यांचे प्रश्न देवीच्या कानी घालायचा आणि तिच्या पुटपुटण्याचा अर्थही सांगायचा. भरमू हुशार. कुंदा तोंडात गेला की देवी जाते, हे त्याच्या पहिल्या दोन-तीन शुक्रवारांतच ध्यानात आलं. मग त्याने कुंद्याची वाटी आपल्या हातात धरून ठेवायला सुरुवात केली. प्रश्न संपल्याशिवाय वाटी पुढे जायची नाही. आधी पाच मिनिटं, मग दहा, आणि आता अर्धा-अर्धा तास.

एका भुकेल्या बाईसमोर वाटी धरून ठेवायची आणि तिला भविष्य विचारायचं. वाचकहो, याला भक्ती म्हणत होते, आणि म्हणणारे तुमच्या-आमच्यासारखेच सज्जन होते.

दिपालीला लग्न होऊन येऊन आठच महिने झाले होते. माहेर पिरनवाडीचं. बेळगावात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती रक्त काढायचं काम करायची. शिकलेली होती म्हणून तिला सगळं लगेच कळलं, असं मी सांगणार नाही, कारण ते खरं नाही. लग्नानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी तिला शंका आली आणि देवी गेल्यावर तिने सासूच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर पाहिली. एकशे बत्तीस. काहीच वावगं नाही. कुंद्याने साखर वर आणली होती आणि पुरावा त्याच्याबरोबर पोटात गेला होता, हे तिच्या लक्षात आलं नाही. तिनेही देवघरासमोर हात जोडले.

तिचे डोळे उघडले ते आमटीत दोनदा मीठ पडलं त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी. रताळी काढायचे दिवस होते. भावकूअण्णा गाडीत पोती भरून बेळगावच्या बाजाराला गेले होते आणि नवरा जेवल्याशिवाय यशोदाबाई जेवत नसत. साडेतीन वाजले तरी गाडी परतली नव्हती. दिपालीची सुट्टी होती. ती अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत असताना मागून तोच लहान मुलीचा आवाज आला, "हसिवागेती, यव्वा."

सोमवारी? ना आरती, ना ओळ, ना भरमू. यशोदाबाई कट्ट्यावर रताळ्यांच्या ढिगाजवळ बसल्या होत्या, चोळी घामाने भिजलेली, हातात एक रताळं. खायची वस्तू हातात होती आणि ती खायची असते हे त्यांना आठवत नव्हतं. दिपालीने धावत जाऊन यंत्र आणलं, बोट टोचलं. एक्केचाळीस. साखर सत्तरच्या खाली जायला नको असते. तिने साखरेचं पाणी कालवून घोट घोट पाजलं आणि सासूचा हात धरून बसून राहिली.

पाव तासाने यशोदाबाईंनी विचारलं, "कापडं काढलीस काय गं?"

"आत्ती, आता काय झालं ठाऊक हाय तुम्हास्नी?" दिपाली सासूला आत्ती म्हणायची, सासऱ्यांना मामा.

"आलती काय आई?" त्यांनी पदराने मान पुसली. "मला कवाच काय आठवत न्हाय बघ. डोकं तेवढं ठणकतंय."

दिपालीने सांगितलं. गोळी साखर खाली ओढते. वर पोटात काही नसलं की साखर फारच खाली जाते. मग मेंदूला काही मिळत नाही आणि माणूस भलतंच बोलायला लागतं, थरथरतं, बेशुद्धही पडतं. "लई वेळा असं झालं की आठवण कमी हुईत जाती, आत्ती. मीठ दोनदा पडतंय ते उगंच न्हवं. परवा शेतावरनं येताना वाट चुकलासा, ते बी उगंच न्हवं."

यशोदाबाई बराच वेळ रताळ्यावरची माती अंगठ्याने काढत राहिल्या. "म्हंजे चार वरसं मी लोकास्नी फसवालोय व्हय गं?"

"तुम्ही कुठं फसवलासा? तुम्ही भूक लागली म्हणालासा."

"न्हाय म्हटलं तर नाटकं केली म्हणतील. तुझ्या मामास्नी बाहेर तोंड काढायला जागा ऱ्हाणार न्हाय. व्हय म्हटलं तर हे असं." त्या थांबल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "आणि एक सांगू? शुक्रवारी तेवढं मला माणसं काय तरी इचारत्यात गं. एरवी कोण इचारतंय?"

या बाईला बाहेर पडायला एकच दार होतं, देवी येत नाही असं सांगण्याचं, आणि त्या दाराबाहेर तिला कुणी विचारणारं नव्हतं. दिपालीला सासूची फार दया आली, आणि आपण आठ महिने हात जोडले याची लाजही वाटली.

संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला. भावकूअण्णांचा घास हातातच राहिला.

"देवीच्या अंगातलं रगत काढलंस तू?"

"आत्तींच्या बोटातलं काढलो, मामा. सोमवार हुता. देवी सोमवारी कशी आली?"

"देवीला वार लागतोय व्हय?" ते गरजले. "शुगरचं यंत्र ह्या घरात परत दिसायचं न्हाय. लॅब तुझी तिकडं बेळगावात."

दिपालीचा नवरा ओमकार ताटात बघत जेवत होता. तो उद्यमबागेतल्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा; कुठल्या यंत्रात काय बिघडलंय हे त्याला आवाजावरून कळे. आईच्या आवाजात झालेला बदल त्याने चार वर्षं ऐकला होता. "शुक्रवारी गोळी बंद करूया की मग," तो म्हणाला.

"गोळी बंद केली तर साखर चढणार. बंद करायचा तो उपास. डॉक्टरांनी इचारलं नव्हतं का, येळेवर खाता काय म्हणून?"

"इचारलंतं," भावकूअण्णा म्हणाले. "मीच सांगितलोय, खाती म्हणून."

"तुम्ही सांगितलासा, मामा. आत्ती कुठं सांगितल्या?"

यशोदाबाई चुलीपाशी बसल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्यांचं ताट व्हायचं होतं. त्यांच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

मधला मंगळवार कसाबसा निभावला आणि शुक्रवार आला. सकाळी गोळीच्या वेळी दिपालीने अर्धी भाकरी आणि वाटीभर दूध सासूपुढे ठेवलं. यशोदाबाईंनी भाकरीकडे पाहिलं आणि ताटली हळूच मागे सारली. "आजचा दिस जाऊ दे. नंदगडचा पाव्हणा यायचा हाय, तुझ्या मामांनी शबुद दिलाय. फुडच्या शुक्रवारी खातो, तुझ्या गळ्याची आण." दिपालीने ताटली उचलली. आपण ती का उचलली, हा प्रश्न पुढे तिला आयुष्यभर पुरणार होता.

नंदगडचे पाहुणे जीप घेऊन आले. मोठे बागायतदार, तीन प्रश्न घेऊन आलेले. भावकूअण्णांनी दिपालीला ताकीद दिली होती, आज ओसरीवर यायचं नाही. ती स्वयंपाकघरात दाराआड उभी राहून ऐकत होती. सव्वाबाराला आवाज आला, "हसिवागेती, यव्वा." ओसरीवर घंटा वाजल्या. पाहुण्यांनी थोरल्या मुलाच्या लग्नाचं विचारलं. यशोदाबाई काहीतरी पुटपुटल्या, भरमूने त्याचा अर्थ वैशाख असा लावला. "हसिवागेती." पाहुण्यांनी भावकीतल्या वाटणीचं विचारलं. भरमू म्हणाला, दमानं घ्या. घड्याळात पाऊण वाजला. "हसिवा..." एवढंच आलं.

मग काहीच आलं नाही.

भरमू दबक्या आवाजात म्हणाला, "आई ध्यानात गेली. आता जे सांगंल ते पक्कं." ओसरीवरच्या साठ माणसांनी हात जोडले.

दिपाली मुठीत ओली साखर आणि कमरेला यंत्र घेऊन बाहेर आली. "बाजूला व्हा."

"नैवेद्य दावला न्हाय अजून," भावकूअण्णा आडवे आले. "मागं फिर. न्हायतर पिरनवाडीची बस धर."

"धरतो, मामा. पण आधी एक सांगा. तुम्हास्नी कानडी येतंय की. चार वरसं आत्ती काय म्हणालीय? सांगा ह्या सगळ्यांस्नी, मोठ्यानं."

भावकूअण्णांनी भरमूकडे पाहिलं. भरमूने वाटीकडे पाहिलं.

"भूक लागलीय म्हणालीय," ते म्हणाले.

"कुणाला?"

उत्तराची वाट न बघता दिपाली भावकूअण्णांच्या हाताखालून वाकून पुढे गेली. यशोदाबाईंची मान कलली होती, दातखीळ बसली होती, मळवटावरून घामाचे लाल ओघळ गळ्यापर्यंत आले होते. यंत्रावर आकडा आला, सत्तावीस. पाणी पाजलं असतं तर ते श्वासनलिकेत गेलं असतं. तिने सासूला कुशीवर वळवलं आणि ओली साखर बोटाने गालाच्या आतून चोळू लागली. भरमूच्या हातातल्या वाटीतला कुंदा तसाच होता.

अक्काताई किंचाळल्या, "पाप लागंल गं, नैवेद्याआधी!" तेव्हा ओमकार गर्दीतून पुढे आला आणि नंदगडच्या पाहुण्यांना म्हणाला, "तुमची जीप पाहिजे. आत्ताच्या आत्ता." चार वर्षांनी का होईना, त्याला आईचा आवाज ऐकू आला होता. पाहुणे भले गृहस्थ निघाले. तिसरा प्रश्न न विचारता त्यांनी किल्ली दिली.

बेळगावच्या इस्पितळात यशोदाबाईंना शिरेतून साखर दिली. त्या शुद्धीवर यायच्या आणि तासाभरात पुन्हा खाली जायच्या, कारण गोळीचा अंमल उतरला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्यांनी नीट डोळे उघडले. डॉक्टर सौम्या त्यांच्यावर वाकून म्हणाल्या, "यशोदाबाई! यशोदाबाई, इकडे बघा." त्या छताकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी चार वेळा हाक मारली, मग मागे वळून विचारलं, "यांचं दुसरं काही नाव आहे का? माहेरचं?"

भावकूअण्णांना फार आठवावं लागलं. नाव त्यांनी एकदाच ऐकलं होतं, मांडवात.

"मल्लव्वा," ते म्हणाले.

छताकडे बघणारी मान वळली.

व्हरांड्यात डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. हातापायांना कमी पडलं तर शरीर साठवणीतलं काढून देतं. मेंदूकडे साठवण नसते, त्याचं रोजचं रोज असतं, रोजगारावर जगणाऱ्या घरासारखं. दर शुक्रवारी थोडा थोडा मेंदू उपाशी राहत गेला. नुसती साखर वाढली तरी वर्षानुवर्षं मेंदू झिजतोच, पण साखर अशी एकदम खाली पडणं त्याहून घातकी. "विसरभोळेपणा कधीपासून होता?"

"आमटी खारट व्हायची," भावकूअण्णा म्हणाले. "मी वरडायचो."

"परत पहिल्यासारख्या होतील असं मी सांगणार नाही. काही येईल, काही येणार नाही. वेळेवर जेवण मात्र आता औषधाइतकंच महत्त्वाचं. आणि गोळी मी बदलते आहे."

भावकूअण्णा व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि रडले. माझा त्यांच्यावर राग आहे, तरी हे लिहिताना तो राग पुरता टिकत नाही. त्यांना बायको हवी होतीच. फक्त ती भुकेली असते, हे ती चार वर्षं सांगत असूनही त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि कधी विचारलंही नव्हतं.

यशोदाबाई घरी आल्या त्या बहुतेक कानडीच घेऊन. मराठी आलीच तर तुटक. भावकूअण्णांना त्या "अण्णा" म्हणत, जसं परक्याला म्हणावं. दिपालीला "यव्वा" म्हणत. तिने पिरनवाडीची बस धरली नव्हती. तिला ती धरायला पुन्हा कुणी सांगितलंही नव्हतं. सासूला ती घड्याळ बघून भरवायची आणि यंत्र देवघराशेजारच्या कोनाड्यात, सगळ्यांना दिसेल असं ठेवायची. भरमू या घराकडे फिरकला नाही. गावात तो सांगत होता की सुनेने नैवेद्य मोडला म्हणून आईने बाईची बुद्धी नेली. हे मानणारे बरेच होते, आणि आहेत.

घरी आल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी एक वाजता ओसरीवर पंधरा-वीस बायका नारळ घेऊन आल्या. काही काळजीने, काही अजून आशेने. यशोदाबाई कट्ट्यावर बसल्या होत्या. पोटभर जेवून त्यांना तासही झाला नव्हता. एवढी माणसं पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हसिवागेती, यव्वा."

आता ते शब्द भुकेचे उरलेच नव्हते. माणसं जमली की तोंडात यायची ती फक्त सवय राहिली होती. पण अक्काताईंचे हात आपोआप जोडले गेले. मागोमाग सगळ्यांचे.

"हात खाली घ्या," दिपाली म्हणाली. "हात जोडून जोडून ही दशा केलासा तिची. मला एवढंच सांगा, तुमच्यातलं सकाळपासनं कोण कोण जेवलंय?"

एकीने पदर सावरला, एकीने नारळ या हातातून त्या हातात घेतला. काहींचा शुक्रवार होता, काहींचा नवरा घरी यायचा होता, काहींच्या सासूचं झालं नव्हतं.

"अक्काताई, तुम्ही बी साखरेची गोळी घेता न्हवं?"

"घेतो की," अक्काताई पुटपुटल्या. "सकाळीच घेटलो."

"आणि खाल्लासा काय?"

अक्काताई खाली बसल्या. त्यांच्या कपाळावर बारीक घाम होता. तो उन्हाचा असेलही. दिपालीने कोनाड्यातलं यंत्र आणायला पाऊल उचललं, तोच आतून डबा पडल्याचा आवाज आला.

स्वयंपाकघरात भावकूअण्णा फडताळासमोर उभे होते. एक डबा खाली पडला होता, दुसरा हातात होता. लग्नापासून छत्तीस वर्षं त्या घरात ते बायकोच्या हातचं रोज दोन वेळा जेवले होते आणि जेवण ज्यात येतं ती वस्तू कुठून येते, हे त्यांना माहीत नव्हतं. ओसरीवर कुणीच जेवलेलं नाही हे त्यांनी आतून ऐकलं होतं. ते दारात आले. ओसरीवर एवढ्या बायका बसल्या आहेत हे त्यांना दिसत होतं, त्यांची लाजही वाटत होती. तरी त्यांनी विचारलं.

"ताटं कुठं असत्यात गं?"

अक्काताईंसाठी यंत्र घेऊन आलेली दिपाली सांगणार होती. पण त्याआधी कट्ट्यावरून यशोदाबाईंनी हात उचलला, स्वयंपाकघरात डावीकडे, खिडकीखालच्या फळीकडे बोट दाखवलं आणि कितीतरी दिवसांनी स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "तितं हाईत. किती माणसं हाईत जेवायला?"

भावकूअण्णांनी ओसरीवरच्या बायका मोजल्या आणि तेवढी ताटं काढली. मग शेवटी आठवण होऊन, अजून एक दिपालीसाठी.